कायोटीसाठी स्कोप: २५ पॉवरचा मोह, ३ पॉवरची गरज

वायोमिंग, नेब्रास्का, दोन्ही डकोटा किंवा टेक्ससचा पश्चिम भाग, यांपैकी कुठेही कायोटीच्या शिकारीसाठी स्कोप (रायफलवरची दुर्बीण) हवा म्हणून दुकानात शिरलं की काउंटरवरचा माणूस हमखास ५-२५×५० (५ ते २५ पट, म्हणजे २५ पॉवरपर्यंत मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिमीचं) पुढे करतो. लांबचं मारायचं तर मोठी पॉवर हवी, हे ऐकायला पटतं. पण या कामासाठी तो चुकीचा स्कोप आहे. त्याचं कारण स्कोपपेक्षा कायोटीच्या वागण्यात जास्त आहे.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी भाऊबंद. वजन ९ ते २३ किलो. हिवाळ्यात केस फुगलेले असल्यामुळे तो अंगाने भरलेला वाटतो, पण आतलं शरीर किरकोळच असतं. छातीतला मर्मभाग जेमतेम तळहाताएवढा, पाच-सहा इंचांचा. त्याला शोधत फिरत नाहीत, आवाज काढून बोलावतात. जखमी सशाचा आवाज लावून झुडपाआड बसलं की तो दोनपैकी एका तऱ्हेने येतो. एक तर सरळ धावत येऊन ३०-४० यार्डांवर उभा ठाकतो, नाही तर वाऱ्याखालून वळसा घेत ३००-४०० यार्डांवर थबकतो आणि पुढे यायचं नाव घेत नाही. कोणता प्रकार घडणार हे आधी कळत नाही. त्यामुळे एकाच स्कोपने दोन्ही कामं करायची आहेत, आणि पहिलं काम दुसऱ्यापेक्षा अवघड आहे.

ते का, हे आकड्यांत पाहू. ५ पॉवरला व्होर्टेक्स कंपनीच्या वायपर पीएसटी ५-२५ स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण २४ फूट रुंदीचा पट्टा दिसतो. ४० यार्डांवर तो साडेनऊ फूट होतो. ताशी २० मैलांनी आडवा पळणारा कायोटी सेकंदाला २९ फूट जातो, म्हणजे हा पट्टा तो एक-तृतीयांश सेकंदात ओलांडतो. भरधाव पळाला तर याच्या दुप्पट वेगाने. ३ पॉवरच्या स्कोपमध्ये तोच पट्टा ४० यार्डांवर १४-१५ फुटांचा असतो. एवढ्याने शिकार सोपी होत नाही, पण निदान जनावर काचेत सापडतं. मोठ्या पॉवरच्या स्कोपमधून नुसते केस आणि गवत दिसत राहतं.

चार स्कोप शेजारी ठेवून तुलना करतो. व्होर्टेक्सचे तीन: रेझर एचडी एलएचटी ३-१५×४२, वायपर पीएसटी जेन टू ५-२५×५० आणि डायमंडबॅक टॅक्टिकल ४-१६×४४. चौथा ल्युपोल्डचा व्हीएक्स-५एचडी ३-१५×४४. डायमंडबॅक साधारण ४०० डॉलरच्या घरातला, बाकीचे तिन्ही हजाराच्या आसपास. चारही ३० मिमी नळीचे आहेत, त्यामुळे रिंगांचा (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचा) खर्च सारखाच. रायफल .२२-२५० रेमिंग्टन काडतुसाची धरली आहे, ५५ ग्रेनची गोळी, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला ३,६८० फूट. या कामासाठी तिकडे ही फार चालते. .२२३ किंवा .२४३ असेल तर आकडे बदलतील, युक्तिवाद तोच राहील.

आधी लांबच्या माऱ्याला टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणारा नॉब) किती फिरवावा लागतो ते बघा. २०० यार्डांवर झिरो केलेली (तिथे गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवलेली) ही रायफल समुद्रसपाटीच्या हवेत ३०० वर साधारण ६ इंच, ४०० वर १९ इंच आणि ५०० वर ४३ इंच खाली मारते. एमओएमध्ये (हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) अनुक्रमे २, साडेचार आणि सव्वाआठ. पाव एमओएच्या क्लिकने मोजलं तर ८, १८ आणि ३३ क्लिक. सव्वाआठ एमओए! वायपरमध्ये वर-खालीचा एकूण वाव ७० एमओए आहे, डायमंडबॅकमध्ये ८५. झिरो केल्यावर निम्मा उरला तरी चौपट शिल्लक. याचा सरळ अर्थ असा की ५०० यार्डांपर्यंतच्या कायोटीसाठी २० एमओए उताराची रेल (स्कोप बसवायची पट्टी), ३५ मिमी नळी यांचा काही उपयोग नाही. हा सगळा जामानिमा हजार यार्डांवरच्या लोखंडी पाट्यांसाठी आहे.

वारा मात्र खरा शत्रू. ताशी १० मैलांचा आडवा वारा याच गोळीला ३०० वर १२ इंच, ४०० वर २४ आणि ५०० वर ४२ इंच ढकलतो. मर्मभाग सहा इंचांचा. गोळी किती खाली पडेल हे रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) आणि तक्ता मिळून सांगतात, वारा कोणी सांगत नाही. तो ऐन वेळी अजमावायचा आणि रेटिकलवरच्या (काचेतल्या नेमाच्या रेघांवरच्या) आडव्या खुणांनी नेम बाजूला धरायचा. म्हणून आडव्या खुणा असलेलं रेटिकल या कामात चैनीची गोष्ट नाही. साध्या डुप्लेक्स (बिनखुणांची नुसती फुली असलेल्या) रेटिकलचा स्कोप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. ल्युपोल्डमध्ये विंड-प्लेक्स किंवा इम्पॅक्ट जातीचं रेटिकल मागून घ्या.

इथे फर्स्ट फोकल प्लेन आणि सेकंड फोकल प्लेनचा वाद येतो. वायपर (इथे धरलेला) आणि डायमंडबॅक पहिल्या प्रकारचे. पॉवर वाढवली की रेटिकलही मोठं दिसतं, त्यामुळे खुणांचं माप प्रत्येक पॉवरला खरं. रेझर एलएचटी आणि व्हीएक्स-५एचडी दुसऱ्या प्रकारचे. रेटिकल कायम एकाच जाडीचं, पण खुणांचं माप कमाल पॉवरलाच खरं. १५ वरून साडेसातवर आलात की २ एमओएची खूण ४ एमओएची होते. हे विसरून ८ पॉवरवर वाऱ्याची खूण धरली तर गोळी जनावराच्या पुढून किंवा मागून निघून जाते आणि मग दोष स्कोपला दिला जातो. उपाय सोपा आहे: ३०० च्या पुढे मारायचं तर पॉवरची कडी आधी शेवटपर्यंत फिरवायची, मगच खूण धरायची. किंवा पॉवर निम्मी आणि खूण दुप्पट, एवढंच पाठ करायचं.

मग फर्स्ट फोकल प्लेनच घेतलेला बरा ना? कागदावर हो. पहाटेच्या अंधुक उजेडात ४ पॉवरवर डायमंडबॅकचं रेटिकल कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक होतं, आणि त्याला उजळणारा दिवा नाही. करड्या झुडपासमोर करडा कायोटी आणि मधे हे धागे, नेम लागायचा कसा? वायपरमध्ये दिवा आहे, तो लावला की काम भागतं. पण जवळच्या माऱ्याला जाड, लगेच डोळ्यात भरणारं रेटिकल सेकंड फोकल प्लेनमध्येच मिळतं. कायोटीसाठी आमचं मत त्याच बाजूचं आहे. प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातला छोटा प्राणी) किंवा पाट्यांवर दिवसभर वेगवेगळ्या पॉवरने मारत बसणाऱ्याचं मत वेगळं असेल, आणि तेही बरोबरच.

वजन. रेझर एलएचटी १९.१ औंस, म्हणजे ५४० ग्रॅम. व्हीएक्स-५एचडी जवळपास तेवढाच. डायमंडबॅक २३ औंस, ६५५ ग्रॅम. वायपर ३१.२ औंस, ८८५ ग्रॅम. एलएचटी आणि वायपरमधला फरक ३४५ ग्रॅमचा. दुकानात हातात धरल्यावर तो काही वाटत नाही. पण एका दिवसात सात-आठ ठिकाणी बसायचं, प्रत्येक वेळी गाडीपासून अर्धा मैल बर्फातून चालायचं, आणि काठीच्या आधारावर रायफल ठेवली की वरचं वजन तिला बाजूला कलंडवणार, हे धरलं की फरक जाणवतो. शिवाय ५० मिमीच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या भिंगाला, उंच रिंगा लागतात. उंच रिंगांमुळे गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. गाल टेकला नाही की डोळा दर वेळी वेगळ्या जागी, आणि पॅरॅलॅक्सची चूक (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं) तिथूनच सुरू होते.

पॅरॅलॅक्सबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून. स्कोपच्या बाजूच्या पॅरॅलॅक्स नॉबवर १०० लावून २०० वर मारलं आणि डोळा अगदी कडेला असला, तर जास्तीत जास्त चूक तोंडाच्या व्यासाच्या निम्मी. ४२ मिमीला २१ मिमी, म्हणजे इंचाहून कमी. डोळा बऱ्यापैकी मध्यावर असेल तर तीही नगण्य. पण नॉब १०० वरच राहिला आणि समोर ४०० वर जनावर आहे, तर तीच चूक तिप्पट होते, अडीच इंच. म्हणून बसल्याबरोबर नॉब २०० वर ठेवून द्यावा. ४०० वर मारायची वेळ आली तर कायोटी थबकलेला असतो, तेवढ्यात नॉब फिरवायला वेळ मिळतो. नॉबवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. डोकं किंचित वर-खाली करून रेटिकल लक्ष्यावर सरकतंय का ते बघा आणि सरकायचं थांबेपर्यंत फिरवा.

उजेडाचा हिशेब भागाकाराचा आहे. तोंडाचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. वायपर २५ वर फक्त २ मिमी, एलएचटी १५ वर २.८, आणि तोच ८ वर आणला की सव्वापाच. पहाटे माणसाची बाहुली पाच-सात मिमी उघडलेली असते. त्यामुळे सूर्योदयाच्या वेळी २५ पॉवर लावून बघणाऱ्याला अंधार दिसतो. मोठं भिंग उजेड आणतं हे अर्धसत्य आहे, पॉवर कमी केली की जास्त उजेड येतो. उन्हं वर आली की वेगळी अडचण: जमिनीवरून उठणारी तरंगती हवा १५ च्या पुढे सगळं चित्र हलवते. २५ पॉवर निवांत वापरता येईल अशी वेळ दिवसात थोडीच असते.

काच तपासायची तर दुकानाच्या दारातून पार्किंगमधल्या उन्हाकडे बघू नका. त्या उजेडात ४०० डॉलरची आणि १,२०० डॉलरची काच सारखीच वाटते. संध्याकाळी जा, दोन्ही स्कोप एकाच पॉवरवर लावा आणि उभ्या ट्रकखालच्या सावलीत बघा. टायरची नक्षी ज्यात आधी पुसली जाते ती काच दुय्यम. या चारांत एलएचटी आणि व्हीएक्स-५एचडी वरचढ आहेत, वायपर किंचित मागे, डायमंडबॅक स्पष्ट मागे. मात्र किमतीच्या मानाने डायमंडबॅकला नावं ठेवायला जागा नाही. ज्याच्याकडे रेंजफाइंडर नाही त्याने हाच घ्यावा आणि उरलेल्या पैशांत रेंजफाइंडर. अंदाज ५० यार्डांनी चुकून ४०० ला ३५० समजलात, तर गोळी सहाएक इंच खाली जाते. कितीही महाग काच ही चूक भरून काढत नाही.

टरेटमध्ये खरा फरक आहे. एलएचटीचा वर-खालीचा टरेट दाबला की कुलूपबंद होतो, आडवा टरेट टोपीखाली असतो. व्हीएक्स-५एचडीचा सीडीएस-झेडएल२ टरेट झिरोवर आपोआप अडकतो, बटण दाबल्याशिवाय फिरत नाही. वायपरचे दोन्ही टरेट उघडे, बिनकुलपाचे. झिरो स्टॉप चांगला आहे, पण तो खाली जाऊ देत नाही एवढंच, वर जायला मोकळीक. डायमंडबॅकला तोही नाही. पिशवीतून रायफल काढताना किंवा काटेरी तारेखालून सरकवताना उघडा टरेट चार-सहा क्लिक सहज फिरतो, आणि ते कळतं गोळी चुकल्यावर. असा स्कोप असेल तर टरेटवर आणि खालच्या नळीवर रंगाची एक बारीक रेघ ओढा आणि प्रत्येक बैठकीला बसताना ती जुळते का पाहा.

ल्युपोल्डची खासियत म्हणजे तुमच्या काडतुसाप्रमाणे कोरून मिळणारा टरेट. वेग, गोळीचा बीसी (ती हवा किती सहज कापते याचा आकडा), समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान कळवलं की टरेटवर एमओएऐवजी थेट यार्ड येतात. ४०० दिसलं, ४०० लावलं. घाईच्या क्षणी याहून सोपं काही नाही. पण तो टरेट त्या उंचीपुरता आणि त्या गोळीपुरताच खरा. टेक्ससच्या सखल भागासाठी कोरलेला टरेट घेऊन वायोमिंगच्या ६,००० फुटांवर गेलात तर विरळ हवेत .२२-२५० ची गोळी ४०० वर अडीच-तीन इंच आणि ५०० वर सहा-सात इंच वर लागते. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, त्यामुळे फरक थोडा भरून निघतो, सगळा नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींना आणखी एक फाटा आहे: १ जुलै २०१९ पासून तिथे कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याच्या गोळीचा बीसी आणि वेग दोन्ही वेगळे, त्यामुळे जुन्या गोळीसाठी कोरलेला टरेट बदलावाच लागतो. दोन राज्यांत, दोन गोळ्यांनी शिकार करणाऱ्याने एमओएचा टरेट आणि दस्त्यावर चिकटवलेला तक्ता हाच मार्ग धरावा.

स्कोप कोणताही घ्या, बसवताना घोळ होतात ते ठरलेले आहेत. बेसच्या स्क्रूंवरचं तेल आधी स्पिरिटने पुसा. रिंगांच्या वरच्या टोपीचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, टॉर्क रेंचने, आणि तिथे लॉकटाइट लावू नका. ओल्या पेचावर तोच टॉर्क जास्त आवळतो आणि नळी चेपते. चेपलेल्या नळीत पॉवरची कडी किंवा पॅरॅलॅक्सचा नॉब जड फिरायला लागतो, ही पहिली खूण. टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे स्क्रू आळीपाळीने, तिरके आवळा. आय रिलीफ (डोळा आणि स्कोप यांतलं अंतर) ठरवताना कमाल पॉवर लावा आणि अंगात शिकारीचं जाड जॅकेट घाला. जुलैमध्ये टी-शर्टवर बसवलेला स्कोप जानेवारीत जॅकेटच्या जाडीमुळे डोळ्यापासून पुढे सरकतो आणि कडेला काळी चंद्रकोर दिसू लागते. रेटिकल उभं आहे का हे १०० यार्डांवर ओळंबा टांगून बघा. रायफल एका बाजूला ३ अंश कलली तरी ५०० वर गोळी सुमारे तीन इंच बाजूला जाते.

झिरो करताना २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० वर तीन-तीन गोळ्यांचे गट. .२२-२५० साठी १०० वर एक इंच वर लागली की २०० चा झिरो जवळपास झाला, पण २०० वर जाऊन खात्री कराच. मग टरेटची कडी सैल करून शून्यावर आणा आणि झिरो स्टॉप लावा. त्यानंतर उंच कागदाची परीक्षा: १०० यार्डांवर उभी रेघ ओढून २० एमओए वर फिरवा, गोळी २०.९४ इंच वर लागायला हवी. साडेवीस इंच लागली तर दोन टक्क्यांची चूक झाली, आणि सव्वाआठ एमओएवर ती ५०० यार्डांनाही इंचापेक्षा कमी पडते. तेवढ्यावरून स्कोप परत करू नका. टरेट दहा वेळा वर-खाली करून शून्यावर आणल्यावर गोळी जुन्या भोकाजवळ लागली नाही, तर मात्र परत करा. पण त्याआधी रिंगांचे आणि ॲक्शनचे (रायफलचा यांत्रिक भाग दस्त्याला धरणारे) स्क्रू तपासा. झिरो हलला म्हणून येणाऱ्या तक्रारींत दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.

उणे २० अंशांत दोन गोष्टी त्रास देतात. दिव्याची सीआर२०३२ बॅटरी मान टाकते, म्हणून एक जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि आपलाच श्वास मागच्या काचेवर गोठतो. गरम गाडीतून काढलेली रायफल लगेच वापरायची असेल तर हे होणारच. रायफल मागच्या उघड्या भागात थंडच राहू द्या, आणि रायफल खांद्याला लावली की श्वास नाकाने, खाली सोडा.

रात्रीची शिकार जिथे कायद्याने चालते तिथे थर्मल स्कोपचं वेगळं दुकान आहे, त्याचा इथे विचार नाही. एवढंच लक्षात ठेवा की उष्ण ठिपका दिसणं आणि तो शेजारच्या रँचवरचा कुत्रा नाही याची खात्री होणं यांत बरंच अंतर असतं. नियम राज्यागणिक बदलतात. वायोमिंगमध्ये कायोटी 'प्रिडेटरी ॲनिमल' या वर्गात आहे आणि त्याच्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. शेजारच्या राज्यात तसंच असेल असं धरून निघू नका, आणि खासगी रँचवर मालकाची परवानगी सगळीकडेच लागते.

तर निवड अशी. एकच स्कोप, एकच रायफल आणि चालत फिरायचं असेल तर रेझर एलएचटी ३-१५×४२. एकाच भागात, एकाच काडतुसाने शिकार होत असेल तर व्हीएक्स-५एचडी, कोरलेल्या टरेटसह. पैसे मोजके असतील तर डायमंडबॅक ४-१६ आणि रेंजफाइंडर. वायपर ५-२५ वाईट नाही, पण तो बाकावरच्या जड रायफलीवर शोभतो.

शेवटी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे कोल्हा काय किंवा आणखी काय, शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत दुर्बीण चालतच नाही. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते छिद्राच्या साइटने. तरीही क्लबातल्या मित्रासाठी अमेरिकेतून स्कोप आणायची फर्माईश येते. रायफलचा स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहे आणि बॅगेत टाकून विमानात बसणं ही निर्यातच धरली जाते. परवाना हातात नसेल तर त्या मित्राला स्पष्ट नाही म्हणा.